काचेच्या तारेतील लुडबुड

1979 साली पुण्यात शिवाजीनगर आणि कॅन्टोन्मेंट या दोन टेलिफोन केंद्रांच्या दरम्यान काचेची तार घालण्यात आली. भारतातील अशी ही पहिली तार. तांब्यातून वीज धावते, हिच्यातून प्रकाश धावतो. पुढे ती रुळांच्या व सडकांच्या कडेने आमच्या मराठवाड्यातही आली. केसासारखी ही तार ओढण्याचा कारखाना संभाजीनगरजवळ वाळूजला उभा राहिला. हिच्या शक्तीला अंत नाही, असे सुशिक्षित माणसेही सांगतात. आम्हांस ते मान्य नाही.

काच कितीही शुद्ध असो, प्रकाश वाटेत झिजतो. 1970 साली अमेरिकेत कॉर्निंगच्या कारखान्यातील मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी केलेल्या तारेत एका किलोमीटरनंतर शंभरांतला एखाददुसरा भाग उरे, आणि तोही त्या वेळी पराक्रम ठरला. आज तेवढी झीज व्हायला सुमारे शंभर किलोमीटर लागतात. तरीसुद्धा परभणीहून संभाजीनगरापर्यंत, रेल्वेच्या वाटेने पावणेदोनशे किलोमीटर, निघालेल्या प्रकाशाच्या तीन हजारांतला एकच भाग पोहोचेल. म्हणून वाटेत जोर द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी प्रकाशाची वीज आणि विजेचा पुन्हा प्रकाश करीत. 1987 साली साउदॅम्प्टनच्या डेव्हिड पेन यांच्या मंडळीने काचेत एर्बियम मिसळून प्रकाशच थेट वाढविला. मग एकाच तारेत अनेक रंगांचे प्रकाश सोडून प्रत्येकावर वेगळा संदेश चढविता येऊ लागला.

घोटाळा येथे सुरू झाला. हे वर्धक आपली खरखरही मिसळतात. ती झाकण्यासाठी संदेशाचा जोर वाढवावा, तर काचच बदलते! विजेच्या दाबाखाली काचेचा प्रकाश वळविण्याचा गुण बदलतो, हे ग्लासगोच्या जॉन केर यांनी 1875 सालीच दाखविले होते. बारीक तारेत कोंडलेला प्रखर प्रकाश हे स्वतःच घडवितो. एका रंगाचा चढउतार शेजाऱ्यावर उमटतो. तीन रंग मिळून चौथा उपटतो, आणि रंग सारख्या अंतरावर असले तर हा उपरा नेमका दुसऱ्याच्या जागी बसतो. गेट-मीटिंगला कर्णा फार चढविला की शब्द फाटतात, हे कामगारांना शिकवावे लागत नाही.

जपानने संदेश वाटेत पसरू नये अशी खास तार पुष्कळ घातली. एका रंगाला ती उत्तम. अनेक रंग सोडताच ते बरोबरीने चालू लागले आणि मिसळण्यास त्यांना पूर्ण अवसर मिळाला. अखेर 1990 नंतर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या क्राप्लिव्ही व टकाच यांनी रंगांच्या चालीत थोडा फरक मुद्दाम ठेवला. दोष म्हणून काढलेली वस्तू औषध म्हणून परत घ्यावी लागली.

सर्व रंगांचा जोर दुप्पट केला की ही लुडबुड आठपट होते. जोराबरोबर वहनशक्ती एका शिखरापर्यंत चढते व मग उतरते, हे पार्थ मित्रा आणि जेसन स्टार्क यांनी 2001 साली ‘नेचर’मध्ये गणिताने मांडले. संगणक थोडी लुडबुड मागाहून पुसतो, सगळी नाही.

तेव्हा अधिक संदेश हवेत तर कधी ना कधी अधिक तारा, आणि जुना चर भरला की नवा चर. 2011 साली मंजूर झालेल्या ग्रामपंचायतींच्या योजनेत तो 165 सेंटिमीटर खोल धरला आहे. आमची काळी जमीन उन्हाळ्यात दगड, पावसात चिखल. रंगांचा आणि जोराचा हिशेब इंजिनिअर काटेकोर करतात. चर खणणाऱ्याच्या मजुरीचा हिशेब ठेकेदाराच्याही ठेकेदारापाशी न ठेवता त्याच आराखड्यात मांडावा, अशी आमची मागणी आहे.