ठाण्याची खाडी आणि आपले उत्तरदायित्व

उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी यांच्या आधारानेच काठावरील कोळी व आगरी समाज पिढ्यान्‌पिढ्या जगत आला. १६५७ मध्ये कल्याण स्वराज्यात आल्यावर शिवछत्रपतींच्या आरमाराची गलबते येथेच बांधली जाऊ लागली. बोय, जिताडा, कोलंबी, चिंबोरी यांवर आपले संसार चालले. तिवरांच्या मुळांशी माशांची पिल्ले वाढतात, हे आपल्या वाडवडिलांना ग्रंथांवाचून ठाऊक होते.

१९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे डोंबिवली, अंबरनाथ व ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढले. त्यांनी अनेकांस रोजगार दिला, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि त्यांचे रासायनिक सांडपाणी आणि वाढत्या शहरांचा मैला नदीनाल्यांवाटे खाडीत उतरला. जिच्या तीरी १०६० मधील शिवमंदिर उभे आहे, त्या वालधुनीचा अक्षरशः नाला झाला. मासळी घटली.

१९९० नंतर मात्र रोहित पक्षी हजारोंनी येऊ लागले. ते पाहून पाणी निवळले असे मानणे ही भ्रांती होय. मैलापाण्याने वाढणारे शेवाळ हेच त्यांचे खाद्य आहे. ज्या पाण्यात मासा गुदमरतो, तेथे रोहित चरू शकतो.

जे संरक्षण लाभले, ते जागरूक नागरिकांच्या प्रयत्नांनी. स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीस बंदी केली. ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१५ मध्ये उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सामायिक सांडपाणी केंद्रे व नगरसंस्था यांना दंड ठोठावला. ऑगस्ट २०१५ मध्ये सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र रोहित अभयारण्य झाले. २०२२ मध्ये खाडीस रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ठाण्याच्या पर्यावरण दक्षता मंडळासारख्या संस्थांनी लोकजागृती चालविली आहे.

परंतु अभयारण्याच्या घोषणेने वरून येणारे सांडपाणी थांबत नाही. म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे की, निर्माल्य व कचरा खाडीत टाकू नये. नाल्यात रसायन सोडलेले दिसल्यास तारीख, वेळ व ठिकाण टिपून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी. कोणती मासळी कोठे व कोणत्या ऋतूत मिळे, हे घरातील वृद्धांकडून आताच लिहून घ्यावे. उद्या खाडीची बाजू मांडताना ही टिपणे उपयोगी पडतील, आणि ती सांगणारी माणसे दरसाल कमी होत आहेत.