भक्त आणि भगत

पंढरपुरात भक्त म्हटलं की टाळ-वीणा आठवते. त्याच शब्दात ‘क’चा ‘ग’ झाला, मधे एक ‘अ’ शिरला आणि झाला भगत. अशा शिरलेल्या स्वराला व्याकरणात स्वरभक्ती म्हणतात, हा योग मजेदारच! हिंदीत भगत मुख्यतः भाविक राहिला. मराठीत मात्र तो जडीबुटी देणारा, भूत उतरवणारा ठरला. ‘नमः शिवाय’ जपणारा पंचाक्षरीही त्याच वाटेनं मांत्रिक झाला. भक्त आणि भगत यांतला हा फरक महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही दिसतो. त्यानं यात्रा, कीर्तन, भजन कक्षेबाहेर ठेवलं. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणाऱ्याला मात्र शिक्षा सांगितली. शब्दाच्या प्रवासात स्वाहिली भाषेनं मात्र उलटी वाट धरली. तिथला पारंपरिक वैदू ‘म्गांगा’. टांझानियात सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पदनामातही आज हाच शब्द आहे.