आधी पाणी, मग बाप्तिस्मा

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी, आजीच्या फळीवर दांडी तुटलेला एक कप असायचा. सुई टोचायला येणाऱ्या ख्रिस्ती नर्सबाईंचा. चहा त्यांना दर वेळी मिळायचा, साखर सढळ हाताने घातलेला, पण त्याच कपात. पिऊन झाला की त्या स्वतःच कप विसळायच्या आणि पालथा घालून जायच्या. आजी प्रेमळ होती. त्या आल्या की हातातलं काम टाकून गप्पा मारत बसायची. त्यामुळे त्या कपात काही वावगं आहे असं मला वाटलंच नाही. इंजिनीअरिंगला असताना होस्टेलवर ‘स्मृतिचित्रे’ वाचलं, आणि तो कप आठवला.

मिशनरी जोडप्यांचा इतिहास बहुतेक बंगल्याच्या बाजूने सांगितला जातो. आमच्या वऱ्हाडातही तसंच. अकोल्याला मार्कस आणि जेनी फुलर हे अमेरिकन दांपत्य राहायचं. त्यांच्या अलायन्स मिशनची केंद्रं पुढे खामगाव आणि बुलढाण्यातही होती. जेनीबाईंनी हिंदुस्थानी स्त्रियांच्या हालांवर पुस्तक लिहिलं, १९०० साली ते छापून आलं, प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. अशा घरांत यजमान बाहेरून आलेला असतो. बंगल्याचं दार उघडलं की त्याची जात जाण्याचा प्रश्न येत नाही, कारण ती त्याला मुळात नसतेच. जात असलेल्या माणसाने आपली चूल सगळ्यांना उघडी केली तर काय होतं, हे पाहायचं तर नगरला टिळकांच्या घरी जावं लागतं.

नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जात होते. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात बायबल ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण त्या दिवशी धर्म बदलला तो एकट्या टिळकांचा. घरच्या चुलीला आणि पाण्याच्या घागरीला अजून काहीच झालं नव्हतं.

ती घागर लक्ष्मीबाईंची होती. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. जवळच्या एका नातलगाला १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, त्याचा त्यांच्या वडिलांनी असा धसका घेतला की सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, अगदी मीठसुद्धा! लक्ष्मीबाई हे सांगतात तेव्हा आपण हसतो. पण त्या घरातल्या बायकांचा सगळा दिवस त्या धुण्यात जात होता.

अशा घरातून आलेली बाई काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ख्रिस्ती नवऱ्याकडे परतली. येताना आपलं सोवळंही घेऊन आली. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी ते चालवून घेतलं. रस्त्यावर, सभेत, कवितेत सगळ्यांना आपलं म्हणणारा हा प्रचारक घरात मात्र बायकोचं सोवळं सांभाळत होता. तिने बदलावं असं त्यांना फार वाटे, पण सक्ती केली नाही.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंनी आपल्यापुरता हिशेब मांडला. जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनी केल्या असतील तर त्या आपण का सांभाळायच्या? त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० मध्ये. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. श्रद्धा आली आणि मग पंगत बदलली असं झालं नाही. आधी पंगत बदलली. नगर भागातले ख्रिस्ती बहुसंख्येने महार-मांग समाजातून आलेले होते. म्हणजे हा निर्णय कुणा गोऱ्या साहेबाच्या टेबलावर बसण्याचा नव्हता. ज्यांची सावलीही माहेरी चालली नसती, त्यांच्या हातचं पाणी पिण्याचा होता.

त्यानंतर ते घर कधी रिकामं राहिलं नाही. टिळक कुणालाही घेऊन येणार, असेल ते देऊन टाकणार, आणि आता पिठाचं काय करायचं ते लक्ष्मीबाईंनी बघायचं. त्यांच्या चरित्रात टिळकांचं औदार्य खूप आहे, पण ते रोज निभावून नेणारे हात लेखिकेचे आहेत. ती तक्रारही करते, चिडते, थट्टा करते आणि पान वाढते.

त्या पानावर बसलेला सर्वांत प्रसिद्ध पाहुणा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्याला ‘बालकवी’ म्हटलं गेलं. पुढे तो नगरला टिळकांकडे राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि म्हणून त्याचं ताट कुणी काढून घेतलं नाही. प्रचारकाच्या घरातल्या पाहुणचाराची खरी परीक्षा इथेच होते. ५ मे १९१८ ला भादलीजवळ आगगाडीखाली तो गेला. भादलीहून तोच रूळ पुढे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत आमच्या जिल्ह्यातून नागपूरकडे जातो.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. हा विचार टिळकांचा म्हणून ओळखला जातो, आणि तो आहेच. पण त्याची तालीम त्याआधी कितीतरी वर्षं लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात चालू होती, असं मला वाटतं.

आजीचा कप आता घरात नाही. नर्सबाई शेजारच्या गल्लीतच राहायच्या. आजी त्यांच्याकडे कधी चहा प्यायली का, हे मी विचारलंच नाही. आता विचारायला दोघीही नाहीत.