राजगडच्या मुलुखावरील टपालविमानें

राजगडच्या ईशान्य पायथ्याशीं गुंजवणें हें लहानसें गांव आहे. बारा मावळांपैकीं गुंजण मावळ तो हाच. शिळीमकर देशमुखांचें वतन या मावळांतलें. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवछत्रपतींनीं राजगड उभारला, सुमारें पाव शतक राज्याचा कारभार येथून चालला, सईबाईसाहेबांचें निधन इ. स. १६५९ मध्यें व राजाराम महाराजांचा जन्म इ. स. १६७० मध्यें याच गडावर झाला, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगणें नको. गुंजवण्याहून गडावर चढणारी वाटही संशोधकांच्या परिचयाची आहे. प्रस्तुत लेखाचा विषय याच मुलुखावरची दुसरी एक वाट हा आहे. ती जमिनीवरून जात नाहीं व तिच्या खुणा कोणत्याही दगडावर उमटलेल्या नाहींत. ती इ. स. १९३२ ची विमानटपालाची वाट होय. त्या वेळीं गुंजवणें हें भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानांत मोडत असे. तें संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें.

हिंदुस्थानांत विमानें त्यापूर्वींच आलीं होतीं. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारें साडेसहा हजार पत्रें उडवून नेलीं. त्याच वर्षाच्या जानेवारींत निजामाच्या राज्यांतील औरंगाबादेकडे घोडदळाची लष्करी कवाईत झाली. तींत ब्रिस्टल कंपनीचें विमान उडालें आणि सेफ्टन ब्रँकर नांवाचा इंग्रज अंमलदार टेहळणीसाठीं त्यांत बसला. विमानाच्या भवितव्यावर त्याची जी श्रद्धा बसली ती अखेरपर्यंत ढळली नाहीं. पण ५ ऑक्टोबर १९३० रोजीं कराचीस निघालेलें आर १०१ हें प्रचंड हवाई जहाज फ्रान्समध्यें कोसळलें, त्यांत तोच ब्रँकर मरण पावला. आनंद व भय हीं दोन्ही या विद्येच्या पाठीशीं अशीं आरंभापासूनच लागलेलीं आहेत.

तथापि हे प्रसंग एकेका दिवसाचे होते. नियमित टपालवाट १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सुरू झाली. त्या दिवशीं जहांगीर रतनजी टाटा यांनीं पस मॉथ जातीचें लहानसें विमान कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर आणलें. त्यांत सुमारें ५५ पौंड टपाल होतें. विलायतेहून कराचीपर्यंत आलेलीं पत्रें तेथून पुढें या विमानानें आलीं. जुहूहून नेव्हिल व्हिन्सेंट यानें तें टपाल बळ्ळारीमार्गें मद्रासेस नेलें. टाटा यांस हिंदुस्थानांतील पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजीं मिळाला होता. व्हिन्सेंट हा त्याच वर्षीं आपल्या एका सोबत्यासह विमानें घेऊन या देशांत आला व गांवोगांव पैसे घेऊन लोकांस आकाशांत फिरवून आणण्याचा धंदा करीत असे. ज्या जनतेनें विमान केवळ चित्रांत पाहिलें होतें, तिला त्यानें चार घटका आकाशांत बसविलें.

आतां जुहूपासून बळ्ळारीपर्यंत नकाशावर एक सरळ रेषा ओढून पाहावी. सुमारें ३८० मैलांची ही रेषा जुहूपासून ८० मैलांच्या सुमारास नेमकी राजगड व गुंजवणें यांच्या माथ्याजवळून जाते. नकाशावरची रेषा म्हणजे विमानाचा प्रत्यक्ष मार्ग नव्हे, हें येथेंच नमूद केलें पाहिजे. वैमानिक ढग पाहून वळे, नदी पाहून पुन्हा वाटेवर येई. परंतु तो दहा मैल इकडे किंवा तिकडे सरला तरी कोकणांतून देशावर येतांना तोरणा, राजगड, सिंहगड किंवा रायगड यांपैकीं एखाद्या गडाचा शेजार त्यास चुकत नसे. ताशीं सुमारें शंभर मैल या वेगानें जुहूहून निघाल्यापासून पाऊण तासांत तो या डोंगरांत येऊन पोंचे. तोरण्याची उंची ४६०३ फूट व राजगडाची ४५१४ फूट आहे. ज्या उंचीनें शत्रूच्या फौजा अडविल्या, तीच उंची आतां टपालवाल्याच्या आड आली.

तें विमान कसें होतें तें पाहूं. पस मॉथला यंत्र एकच, तेंही सुमारें १२० अश्वशक्तीचें. पंख माथ्यावर, आणि आंत दोघां तिघांस पुरेल एवढी बंद खोली. यंत्र थांबलें तर दुसरें नाहीं, आणि डोंगरांत उतरण्यास सपाट जागा नाहीं. बिनतारी संदेशयंत्र नव्हतें; म्हणून पुढें पाऊस आहे कीं ऊन, हें पुढें गेल्यावरच कळे. याच जातीच्या कांहीं विमानांचे पंख इ. स. १९३० पासून निरनिराळ्या देशांत उडतां उडतांच मोडले होते, व चौकशीअंतीं पंखाच्या आधारदांडीस आणखी एक लहान टेकू द्यावा लागला. ७ जानेवारी १९३३ रोजीं, म्हणजे आमची टपालवाट सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोंच, बर्ट हिंक्लर हा नामांकित ऑस्ट्रेलियन वैमानिक पस मॉथमधून एकटाच जात असतां इटलींतील डोंगरावर पडून मरण पावला. त्याचें प्रेत एप्रिलमध्यें सांपडलें.

यंत्राच्या भयाहून डोंगराचें भय निराळें. पावसाळी वारा पश्चिमेकडून येऊन सह्याद्रीवर आपटतो. डोंगराच्या कोकणाकडील अंगास तो वर चढतो, तेव्हां विमानास आपोआप उचल मिळते. माथा ओलांडल्यावर तोच वारा देशाच्या बाजूस खालीं उतरतो व विमानास खालीं दाबतो. म्हणून जातांना जो डोंगर सुलभ वाटे, तोच बळ्ळारीहून परत येतांना घातक होई. समोरून वारा, हवा खालीं ओढणारी, आणि पुढें भिंतीसारखा कडा. अशा वेळीं डोंगराजवळ गेल्यावर उंची मिळवूं म्हणणारास ती मिळत नाहीं. ती आधींच मिळवून ठेवावी लागते. गुंजवणें हें गडाच्या याच उतरत्या वाऱ्याच्या बाजूस वसलें आहे.

त्यांतच ढग उतरले कीं डोळेही निकामी होत. क्षितिज दिसेनासें झालें म्हणजे शरीराची जाणीव फसते. विमान वळत असतां आपण सरळ चाललों आहों असें मनुष्यास वाटतें. उंची दाखविणारें यंत्रही पूर्ण भरंवशाचें नव्हतें. तें हवेच्या दाबावर चाले. वादळी हवेंत दाब उतरला व निघतांना लावलेला कांटा तसाच राहिला, म्हणजे यंत्र प्रत्यक्षाहून अधिक उंची दाखवी. दहा मिलिबार दाब उतरल्यास ही तफावत तीनशें फुटांच्या आसपास जाते. गडाच्या माथ्यावरून दोनशें फूट वर आहों अशा समजुतींत असलेला वैमानिक प्रत्यक्षांत माथ्याच्या खालीं असूं शके. हें भय लहान विमानांपुरतेंच नव्हतें. ७ जुलै १९६२ च्या रात्रीं आलिटालिया कंपनीचें मोठें जेट विमान मुंबईस उतरण्यासाठीं खालीं येत असतां जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलें व त्यांतील ९४ माणसें गेलीं. त्या विमानास चार यंत्रें होतीं व बिनतारी यंत्रही होतें.

पावसाळ्यांत आणखी एक अडचण येई. जुहूचें मैदान समुद्राच्या भरतीनें व पावसानें पाण्याखालीं जाई. मग दोन विमानें, तीन वैमानिक व तीन यंत्रज्ञ असा सारा संसार पुण्यास हलवावा लागे. तेथें येरवड्याच्या तुरुंगाच्या छायेंत एका मैदानावर उतरण्याची परवानगी मिळाली होती. टाटा यांनीं पुढें ही हकीकत मोठ्या विनोदानें सांगितली आहे. पुण्यास आल्यानें जुहूचें पाणी चुकलें, पण सह्याद्रि चुकला नाहीं. अहमदाबादेहून पुण्यास येणाऱ्या विमानास तो कोठें तरी ओलांडावाच लागे.

असें असतांही पहिल्या वर्षांत एकदांही टपाल चुकलें नाहीं. त्या वर्षांत या विमानांनीं सुमारें १,६०,००० मैल प्रवास केला व १५५ उतारू नेले. सरकारच्या हवाई वाहतूक खात्याच्या इ. स. १९३३-३४ च्या अहवालांत या वक्तशीरपणाचा गौरव आहे, आणि त्यांत पावसाच्या दिवसांत पश्चिम घाटावरील भागाचा धोका वाढत असूनही टपाल वेळेवर पोंचलें, असा स्पष्ट उल्लेख केलेला आहे. आमच्या मतें या विषयांतील हा सर्वांत महत्त्वाचा कागद होय. सह्याद्रीचें भय ही मागाहून रचलेली कथा नव्हती. तें त्याच काळांतील सरकारी कागदावर नोंदलें गेलें होतें.

भयाची बाजू सांगितली. आनंदाचीही सांगितली पाहिजे. निरभ्र दिवशीं वरून पाहणारास राजगडचा आकार एका दृष्टिक्षेपांत कळतो. मध्यें बालेकिल्ला, आणि त्याच्यापासून पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या निघालेल्या. पायीं चालणारा तटाचा एक एक बुरूज पाहतो. गडाची सबंध योजना मात्र त्यास कल्पनेनें जुळवावी लागते. क्रॉफर्ड व कीलर यांनीं इ. स. १९२८ मध्यें इंग्लंडांतील वेसेक्स प्रांताचीं विमानांतून घेतलेलीं चित्रें प्रसिद्ध केलीं, तेव्हांपासून जमिनीवरून न दिसणारे जुने बांध व वस्त्या वरून ओळखण्याची पद्धति संशोधनांत रूढ झाली. भीति व आनंद यांचें कारण येथें एकच आहे: लहान विमान जमिनीपासून फार दूर जात नाहीं. म्हणून त्यास डोंगर लागतो, आणि म्हणूनच त्यांतून डोंगर दिसतो.

आतां मुख्य मुद्दा. शिवकर बापूजी तळपदे यांनीं इ. स. १८९५ मध्यें मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविलें, ही कथा महाराष्ट्रांत फार लोकप्रिय आहे. परंतु तें उड्डाण सिद्ध करील असा समकालीन अस्सल कागद आजवर पुढें आलेला नाहीं. वैमानिकशास्त्र म्हणून जो ग्रंथ प्राचीन समजला जातो, तो विसाव्या शतकाच्या आरंभींचा आहे, आणि त्यांतील विमानें उडूं शकणार नाहींत असा निर्णय बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं इ. स. १९७४ मध्यें दिला. तळपदे यांच्या जिज्ञासेचा आदर राखूनही पुराव्यावांचून विधान स्वीकारतां येत नाहीं. उलट इ. स. १९३२ च्या टपालवाटेचा पुरावा अस्सल व विपुल आहे; तरी तिच्यावर कोणी अभिमानानें बोलत नाहीं. ज्या गोष्टीस कागद नाहीं तिचा गाजावाजा होतो, आणि जिला कागद आहेत ते कागद रद्दींत जातात. ही स्थिति आम्हांस चिंताजनक वाटते.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच. पहिल्या उड्डाणाचीं पाकिटें आज तिकिटांच्या मोलानें विकत घेतलीं जातात. पण त्यांवरील निघाल्याचा व पोंचल्याचा असे दोन शिक्के मिळून एक नोंद होते. एकाच फेरीचीं पांच दहा पाकिटें एकत्र ठेवलीं, तर टपाल कोठें किती थांबलें, पावसाळ्यांत तें पुण्यावरून गेलें कीं मुंबईवरून, हें ताडतां येईल. म्हणून तिकीट कापून घेऊन पाकीट टाकूं नये व आंतील पत्र वेगळें करूं नये. वैमानिकांच्या उड्डाणवह्या तर याहून मोलाच्या. त्यांत तारीख, विमान, निघण्याचें व उतरण्याचें ठिकाण, लागलेला वेळ व एखाद्या ओळीचा शेरा असतो. ढगामुळें परत फिरलों, एवढी एक ओळसुद्धां सह्याद्रीवरील त्या दिवसाची हकीकत होय. मोडींतील दोन ओळींच्या चिठ्ठीवरून आमच्या पूर्वसूरींनीं मोहिमांच्या तारखा निश्चित केल्या. त्याच कसोटीनें या वह्या वाचल्या पाहिजेत.

व्हिन्सेंट इ. स. १९४२ मध्यें युद्धकाळांत विमानासह नाहींसा झाला, टाटा इ. स. १९९३ मध्यें वारले. त्या पहिल्या वर्षांचें स्मरण सांगणारें माणूस आतां मिळणें नाहीं. राहिले ते कागद. घाट उतरणाऱ्या जासुदाच्या थैलींतील पत्र ज्या आस्थेनें आपण जपतों, त्याच आस्थेनें गुंजवण्याच्या आकाशांतून गेलेल्या थैलीचेंही पत्र जपावें, एवढी सूचना करून हा लेख पुरा करितों.