बॉम्ब सापडला तर तो भुंकायचा नाही, गप्प बसायचा : मुंबई पोलिसांचा झंजीर आणि नाशिकचा स्पाइक

सोशल मीडियावर अधूनमधून एक फोटो फिरतो. फुलांनी झाकलेला एक कुत्रा निपचित पडलाय आणि वर्दीतले पोलीस अधिकारी त्याला मानवंदना देतायत. हा कुत्रा म्हणजे मुंबई पोलिसांचा झंजीर. १६ नोव्हेंबर २००० ला हाडांच्या कॅन्सरने तो गेला, तेव्हा त्याचं वय होतं जेमतेम आठ.

फोटोखाली लिहिलेलं असतं, 'हजारो लोकांचे प्राण वाचवले.' पण वाचवले कसे? कुत्र्याला बॉम्बचा वास आला हे ठीक, पण ते त्याने माणसाला सांगितलं कसं? खरी गंमत तिथे आहे.

झंजीर सोनेरी रंगाचा लॅब्रेडॉर. नाव अमिताभच्या १९७३ च्या सिनेमावरून. पुण्यात त्याचं ट्रेनिंग झालं आणि १९९२ च्या डिसेंबरमध्ये तो मुंबईच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला. पुढच्या तीन महिन्यांतच, १२ मार्च १९९३ ला, मुंबई साखळी स्फोटांनी हादरली. २५७ माणसं गेली. न फुटलेली स्फोटकं कुठे कुठे पडली आहेत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १५ मार्चला धनजी स्ट्रीटवर उभी असलेली, आरडीएक्स भरलेली एक स्कूटर झंजीरने हेरली. त्या काळात सापडलेलं ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं त्याच्या नावावर सांगितली जातात.

आता त्याची भाषा. चोराचा माग काढणारा कुत्रा भुंकला, झेपावला तर चालतं. बॉम्बच्या कुत्र्याने असं केलं तर सगळेच संपले. म्हणून त्याला शिकवतात ते अगदी उलटं. वास सापडला की हात लावायचा नाही, उकरायचं नाही. शांतपणे खाली बसायचं आणि हँडलरकडे बघायचं. बस्स, एवढंच त्याचं वाक्य. बदल्यात मिळतो चेंडू. देशभक्ती वगैरे आपण त्याला चिकटवतो, कुत्र्याच्या दृष्टीने हा चेंडूचा खेळ असतो.

पण बसण्याच्या आधीही तो बरंच काही बोलत असतो. चाल मंदावते, शेपटीची लय बदलते, तोंड मिटून भराभर हुंगणं सुरू होतं. (धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट वास घेता येत नाही, म्हणून भर उन्हात त्याला मध्ये मध्ये विश्रांती लागते.) हे सगळं हँडलरला वाचता यावं लागतं आणि ते रोजच्या सहवासातूनच येतं.

शुद्ध आरडीएक्सची वाफ इतकी कमी असते की हवेत वास जवळपास नसतोच. ते तयार करताना वापरलेल्या सायक्लोहेक्झॅनोनसारख्या रसायनांचे अंश त्यात राहतात, आणि बऱ्याचदा कुत्रा पकडतो तो त्यांचा वास.

या संवादात एक धोकाही आहे. कुत्रा माणसालाही वाचतो. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये उलगडा झाला की तो समोरच्याच्या चेहऱ्यावरचे, मानेचे बारीक बदल टिपून टापा मारायचं थांबवत होता. २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात १८ हँडलर आणि त्यांचे कुत्रे घेतले. शोधायच्या जागेत ना ड्रग्ज होते ना स्फोटकं. हँडलरना मात्र सांगितलं होतं की लाल कागद लावलाय तिथे वास आहे. बहुतेक फेऱ्यांत 'सापडलं' असा इशारा आला, आणि लाल कागदापाशी जास्त. म्हणून हँडलरने आधीच मनात संशय धरला, तर कुत्रा तोच संशय परत ऐकवण्याची शक्यता असते.

नाशिकला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. सिंहस्थात वैष्णव आखाडे नाशिकला आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला स्नान करतात, म्हणजे बंदोबस्तही दोन ठिकाणी. त्र्यंबकला कुशावर्ताच्या भोवती चिंचोळ्या गल्ल्या, धूप, कापूर, ओली फुलं, चपलांचे ढीग, बेवारस पिशव्या. प्रत्येक पिशवी माणसाने उघडून बघायची म्हटलं तर स्नानाचा मुहूर्त टळेल.

नाशिक पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात असाच एक कुत्रा होता, स्पाइक. ११ वर्षं नोकरी करून तो २०२१ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला सजवलेल्या गाडीच्या बॉनेटवर बसवून निरोप दिला. तो व्हिडिओ तेव्हा चांगलाच व्हायरल झाला होता. त्याच्यामागून येणाऱ्या कुत्र्याला वास ओळखायला शिकवता येतो, पण हँडलरशी जुळायला त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

२०२७ च्या सिंहस्थात त्र्यंबकला गेलात आणि पट्ट्यातला पोलिसांचा कुत्रा दिसला, तर त्याला बिस्किट टाकू नका, शिट्टी मारू नका. आणि तो एखाद्या पिशवीपाशी गप्प बसला, तर मोबाइल काढत थांबू नका. आधी तिथून लांब व्हा.