माळाची आणि रानाची शीव

फाल्गुनाच्या सुमारास बोरिवलीच्या अगर मुलुंडच्या बाजूने साष्टी बेटातील डोंगरांकडे पाहिले, म्हणजे एक गोष्ट सहज नजरेत भरते. ओहोळांच्या काठची झाडी हिरवी असते, आणि माथ्यावरचे व उघड्या उतारांवरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते. दोहोंमधली रेघ कित्येक ठिकाणी इतकी ठळक असते की, ती कोणी मुद्दाम आखली असावी असा भास व्हावा. एकीकडे माळ, दुसरीकडे रान. ही शीव कोणी घातली, आणि ती अचल आहे की सरकती, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

पहिले उत्तर सुचते ते पावसाचे. जेथे पाऊस थोडा तेथे गवत, जेथे पुष्कळ तेथे झाडी, हे देशावरच्या कोरड्या मुलखापुरते बरेचसे खरे आहे. परंतु मुंबईच्या उपनगरांत वर्षाकाठी 2000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो माळावर व रानावर सारखाच पडतो. आफ्रिकेतील गवताळ रानांचा अभ्यास करून महेश शंकरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली असे दाखविले की, वर्षाला सुमारे 650 मिलिमीटरांहून अधिक पाऊस असेल तर झाडांची छत्रे एकमेकांना भिडण्यापुरते पाणी मिळते. तरीही तेथे माळ टिकत असेल, तर त्याचे श्रेय आगीला आणि चरणाऱ्या जनावरांना द्यावे लागते. हा हिशेब आफ्रिकेचा असला, तरी साष्टीच्या माळाचे कारण केवळ पावसात शोधता येत नाही, एवढे त्यावरून उघड होते.

तेव्हा आधी पायाखाली पाहू. हे डोंगर ज्वालामुखीच्या खडकाचे आहेत. मृगाच्या सरींबरोबर उतारावरची माती वाहून जाते आणि मागे मुरूम उरतो. तीच माती घळींत आणि ओढ्यांच्या काठी साचून खोल होते. कान्हेरीच्या शंभरांहून अधिक लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंनी या काळ्या डोंगराला कृष्णगिरी म्हटले, आणि जागोजागी खडकात पाण्याची टाकी खोदली. पावसाळ्यात धो धो वाहणारे पाणी उन्हाळ्यापर्यंत त्या खडकावर टिकत नाही, हे त्यांनी जाणले होते. झाडाच्या रोपालाही हाच अनुभव येतो. खोल मातीत ते झपाट्याने वर जाते. मुरमावर मात्र वर्षानुवर्षे खुरटे राहते.

परंतु नुसती माती शीव घालीत नाही. मुरमावरही झाड उगवते, फक्त त्याला वेळ लागतो. आणि आग हा वेळच त्याला देत नाही. पावसाळा संपला की कुसळी वाळते, आणि मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत एखादी ठिणगी पुरेशी होते. गवत जळते, पण त्याचे मूळ शाबूत राहते. लहान रोपाचा शेंडा जळतो, आणि त्याला पुन्हा बुंध्यापासून फुटावे लागते. पळस, कुंभा यांसारखी जाड सालीची, पुनःपुन्हा फुटणारी झाडे म्हणूनच माळावर तग धरतात. याच्या उलट, खोल मातीत झाडांची छत्रे लवकर मिटतात. सावलीत गवत वाढत नाही. आणि गवत नसले की आग रानाच्या कडेशी येऊन विझते. सारांश, रोप किती वेगाने वाढणार हे माती ठरविते, आणि ते किती वेळा छाटले जाणार हे आग ठरविते. ही शीव म्हणजे या शर्यतीचा निकाल होय.

आता ही आग लावली कोणी? येथे इतिहास सुरू होतो. ठाणे जिल्ह्यातील भातशेती राबावर उभी होती. झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरून ते पावसापूर्वी जाळीत. भाताच्या खाचराबरोबर कुणब्याकडे थोडी वरकस जमीन असे. तीवर गवत वाढे, नाचणी-वरी पिके, आणि राबासाठी फांद्या मिळत. गवताला मुंबईत गिऱ्हाईकही होते, कारण शहरातील घोडे व म्हशी यांना वैरण लागे. अशा रीतीने माळ हा शेतीचाच एक भाग होता.

1878 च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांची हद्द आखली जाऊ लागली, तेव्हा राबाच्या फांद्यांवरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष माजला. 1885 साली सरकारला त्यासाठी चौकशी मंडळ नेमावे लागले. जंगल खात्याला राब म्हणजे नासाडी वाटे. शेतकऱ्याला तो अन्नाचा प्रश्न होता. पुढे 1912 साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरोल्ड मान यांनी जोशी व कानिटकर यांच्यासह राबाची शास्त्रीय तपासणी प्रसिद्ध केली. ज्या रीतीला अडाणीपणा म्हणून हिणवले गेले होते, ती अशा रीतीने प्रयोगशाळेच्या विचाराचा विषय झाली.

साष्टीत आणखी एक शक्ती कामास लागली होती, ती म्हणजे मुंबईची तहान. 1860 साली विहार व 1879 साली तुळशी तलाव पुरा झाला, आणि त्यांच्या पाणलोटाचे रक्षण होऊ लागले. जेथे कोयता आणि आग थांबली, तेथे खोल मातीवरून रान पुढे सरकले. आज आपण ज्या सुमारे 103 चौरस किलोमीटरांच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला आदिम अरण्य समजतो, त्याचा काही भाग या नळाच्या पाण्याचे देणे आहे. त्यातील सर्वांत उंच, 468 मीटरांच्या माथ्याचे नाव मात्र अजून जांभूळमाळ असेच आहे; जांभूळ आणि माळ या एकाच नावात शेजारी नांदत आहेत.

या विवेचनाचा व्यवहारात उपयोग काय, असे श्रोते विचारतील. उपयोग असा की, यावरून दोन घाईचे निवाडे टळतात. उघडा माळ दिसला की ते उजाड झालेले रान आहे असे समजून तेथे वृक्षारोपणाचे खड्डे खणणे, हा पहिला. जयश्री रत्नम् व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली, भारतात ज्यांना आपण सरसकट जंगल म्हणतो त्यांतील पुष्कळशी वस्तुतः गवताळ राने आहेत, याकडे लक्ष वेधले. 2025 साली आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासून देशावरचे माळ शेकडो वर्षांचे जुने असल्याचे दाखविले. तो निष्कर्ष साष्टीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण विचारल्यावाचून कोणत्याही माळाला पडीक म्हणू नये, हा धडा येथेही लागू आहे.

दुसरा निवाडा याच्या उलट. माळाला आग चालते, म्हणून कोठलीही आग चालेल असे नव्हे. 2018 च्या डिसेंबरात गोरेगावच्या बाजूच्या टेकड्यांवर पेटलेला वणवा उपनगरांतील लोकांनी दुरून पाहिला. अशी आग वर्षानुवर्षे ओढ्याकाठच्या झाडीची कड खात गेली, तर छत्र फाटते, गवत आत शिरते, आणि पुढच्या आगीला वाट मिळते. तसेच, कोठेही धूर दिसला की पाड्यावरच्या वारल्याकडे बोट दाखविणे हेही न्यायाचे नाही. राबाची आग आणि निष्काळजीपणाची आग यांत फार मोठे अंतर आहे.

गावाची शीव लोक जपतात, कारण तिच्या दोन्ही बाजूंना कोणाचे तरी जगणे असते. माळाच्या आणि रानाच्या शिवेलाही तोच न्याय लावला, आणि कुदळ अगर काडी हाती घेण्यापूर्वी तेथली माती पाहिली व आगीचा इतिहास विचारला, तर उपनगरांतील या डोंगरांवर पुष्कळ उपकार होतील.