भिंगरी आली, पण कोठून?

दिवाळीच्या सुमारास गावाबाहेरच्या तळ्याजवळ विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या भिंगऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या असतील. निळसर काळी पाठ, तांबूस गळा आणि दुभंगलेली लांब शेपटी असलेला हा जेमतेम २० ग्रॅम वजनाचा पक्षी. होळी उलटली की तारांवरच्या रांगा विरळ होत जातात आणि उन्हाळ्यात त्या अगदी मोकळ्या पडतात. आपल्या दृष्टीने वसंत हा भिंगऱ्यांच्या जाण्याचा काळ. इंग्लंडमध्ये नेमके उलट घडते. तेथे भिंगरी वसंतात येते, उन्हाळ्यात पिल्ले वाढवते आणि पानगळीच्या दिवसांत नाहीशी होते. आपल्याकडच्या भिंगऱ्या वीण करतात हिमालयात आणि त्यापलीकडच्या आशियात, तर इंग्लंडमधल्या भिंगऱ्या हिवाळा काढतात आफ्रिकेत.

ही माहिती आज आपण विद्यार्थ्यांना एका वाक्यात सांगून मोकळे होतो. पण हे वाक्य खात्रीने लिहिता यावे यासाठी किती जणांनी किती वर्षे वह्या भरल्या, आणि त्या वह्यांना कशाचे उत्तर देता आले व कशाचे नाही, हा इतिहास त्या वाक्याइतकाच शिकवण्याजोगा आहे असे आम्हांला वाटते.

दोन मते

हिवाळ्यात भिंगऱ्या जातात कोठे? ॲरिस्टॉटलच्या लेखनात काही भिंगऱ्या ढोलीत वा कपारीत निपचित पडून राहतात असे म्हटले आहे. १५५५ साली स्वीडनच्या ओलाउस मॅग्नुसने आपल्या ग्रंथात कोळ्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर भिंगऱ्यांचे गोळे सापडत असल्याचे लिहिले. त्या तळ्याच्या तळाशी झोपतात, असा त्याचा अर्थ. वनस्पती आणि प्राणी यांच्या नामकरणाची शिस्त घालून देणारा लिनियसही भिंगरी हिवाळा पाण्याखाली काढते असे मानत होता.

यावर वर्गात हशा पिकेल. परंतु हसण्यापूर्वी त्या काळच्या माणसाच्या जागी उभे राहून पाहावे. वटवाघूळ आणि साळूसारखा काटेरी हेजहॉग हे प्राणी हिवाळाभर निद्रिस्त पडून असतात, हे इंग्लंडमधला शेतकरी डोळ्यांनी पाहत असे. मुठीत मावणारा पक्षी समुद्र आणि वाळवंट ओलांडून जातो व पुढच्या वर्षी परत येतो, हे मात्र कोणीच पाहिले नव्हते. मग अधिक विश्वसनीय काय वाटावे?

एका गावाची वही

हॅम्पशायर परगण्यातील सेलबर्न या गावी गिल्बर्ट व्हाइट नावाचा धर्मोपदेशक राहत होता. त्याचा जन्म १७२० सालचा. ऑक्सफर्डला शिक्षण झाले तरी आयुष्याचा मोठा भाग त्याने या खेड्यात काढला. गावामागे बीच वृक्षांनी झाकलेली टेकडीची उभी उतरण आहे. तिला 'हँगर' म्हणतात. ही उतरण, गावातली घरे, तळी आणि कुरणे हेच त्याचे निरीक्षणाचे क्षेत्र.

१७६८ पासून व्हाइट एका छापील वहीत रोजची नोंद करू लागला. वारा, तापमान, वायुभार, पाऊस, कोणते फूल प्रथम उमलले, कोणता पक्षी प्रथम दिसला वा दिसेनासा झाला, यांसाठी तीत रकाने आखलेले होते. वहीचा हा आराखडा डेन्स बॅरिंग्टन या कायदेपंडिताने तयार केला होता. व्हाइटने पंचवीस वर्षे, १७९३ च्या जूनमध्ये मृत्यू येण्याच्या काही दिवस आधीपर्यंत, या नोंदी ठेवल्या. बॅरिंग्टन आणि प्राणिशास्त्रज्ञ टॉमस पेनंट या दोघांना त्याने लिहिलेल्या पत्रांतूनच त्याचा सेलबर्नच्या निसर्गेतिहासावरचा प्रसिद्ध ग्रंथ १७८९ साली तयार झाला.

१७६९ साली बॅरिंग्टनला लिहिलेल्या पत्रात त्याने उन्हाळी पाहुण्या पक्ष्यांची यादी दिली आहे. तीत २० पक्षी येण्याच्या क्रमाने मांडले आहेत. चिफचॅफ हा इवलासा पर्णवटवट्या २३ मार्चला, भिंगरी १३ एप्रिलला, काळी पाकोळी २७ एप्रिलच्या सुमारास आणि सर्वांत शेवटी माशीमार १२ मे रोजी. हे पक्षी साधारणपणे ज्या तारखांना दिसू लागतात, त्या या तारखा.

अशी यादी करण्यासाठी आधी कोण आले हे ओळखता यावे लागते. हिरवट पिवळे, झाडाच्या शेंड्यावर सतत हलणारे वटवटे तेव्हा एकाच नावाखाली मोडत. व्हाइटने त्यांची गाणी ऐकली. एक दोनच सुरांत चिफ-चॅफ करतो, दुसऱ्याची शीळ खाली उतरत जाते आणि तिसरा उंच बीच वृक्षांवर पंख थरथरवत नाकतोड्यासारखा आवाज काढतो. मग त्याने नमुने मिळवून पाय आणि पिसे तपासली व या तीन वेगळ्या जाती आहेत हे १७६८ साली पेनंटला कळवले. दुर्बीण नसताना केवळ कानाने केलेला हा शोध आहे.

तारखा काय सांगत नव्हत्या

ज्या बॅरिंग्टनने येण्याजाण्याच्या तारखांसाठी वही आखली, त्यालाच पक्ष्यांचे दूरचे स्थलांतर मान्य नव्हते. १७७२ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने त्याविरुद्ध सविस्तर निबंध लिहिला. पेनंट स्थलांतराच्या बाजूचा होता. या दोघांच्या मधोमध व्हाइट उभा होता. त्याचा भाऊ जॉन जिब्राल्टरला सैन्याचा धर्मोपदेशक होता. वसंतात व शरदात भिंगरीच्या कुळातील असंख्य पक्षी सामुद्रधुनी ओलांडताना त्याने स्वतः पाहिले होते व तसे भावाला कळवले होते. त्यामुळे स्थलांतर होते यात व्हाइटला शंका नव्हती. पण सगळेच पक्षी जातात का?

त्याच्या वहीतील काही नोंदी त्याला सतावत होत्या. पहिल्या भिंगऱ्या नेहमी तळ्यांजवळ दिसत. त्या आल्यानंतर पुन्हा बर्फ पडले की नाहीशा होत व उबेबरोबर परत दिसत. एक-दोन आठवड्यांसाठी कोणी परत दक्षिणेला जाईल, की जवळच्याच बिळात शिरेल? हाऊस मार्टिन ही भिंगरीची पांढऱ्या पोटाची भाऊबंद जात घरांच्या वळचणीला मातीची घरटी बांधते. तिची काही पिल्ले ऑक्टोबरातही घरट्यात असत. नुकतेच पंख फुटलेले हे जीव विषुववृत्तापर्यंत कसे पोहोचणार?

येथे वर्गात थांबून चर्चा करण्यासारखे आहे. पक्षी झोपून उठतात असे माना अथवा दुरून येतात असे माना, ते दिसणार एप्रिलमध्येच, उबदार दिवशीच. दोन्ही कल्पनांचे भाकीत एकच असेल तर तारखांच्या कितीही वह्या भरल्या तरी निवाडा होत नाही. आज आपण सांगू शकतो की थंड वसंतात कीटक प्रथम पाण्यावर मिळतात, म्हणून भिंगऱ्या आधी तळ्यावर येतात, आणि थंडी परतली की त्या खाद्यासाठी इतरत्र सरकतात किंवा मरतात. ही नोंद व्हाइटच्या हाती होती, तिचे हे स्पष्टीकरण नव्हते.

११ एप्रिल १७८१

शेवटी व्हाइटने प्रत्यक्ष शोध घ्यायचे ठरवले. शरदात उशिरापर्यंत काही मार्टिन हँगरच्या एका टोकाशी घुटमळताना दिसत. तेव्हा तेथेच त्या झोपलेल्या असणार, असा त्याचा तर्क. ११ एप्रिल १७८१ रोजी, मार्टिन येण्याच्या दिवसांपूर्वी, त्याने दोन मजुरांकडून त्या भागातील झुडपे आणि पोकळ्या धुंडाळल्या. झोपलेला एकही पक्षी सापडला नाही. पण मजूर काम करीत असतानाच त्या वर्षीची पहिली मार्टिन गावच्या रस्त्यावरून उडत आली आणि थेट एका घराच्या वळचणीच्या घरट्यात शिरली!

व्हाइटने त्या दिवशी काय लिहिले? पक्षी दिसला, कोठे शिरला आणि या जातीच्या मानाने तो जरा लवकरच आला हे लिहिले. त्यापुढे शंका नोंदवली, की टेकडीवरच्या मजुरांनी तर हिला उठवले नसेल?

शंका चुकीच्या दिशेची होती. तरीही वहीचे मोल कमी होत नाही, कारण घडले ते वेगळे आणि वाटले ते वेगळे लिहिलेले आहे. शोध रिकामा गेला हेही त्याने लपवले नाही. आपले मत खरे ठरावे म्हणून तारीख पुढेमागे केली नाही. म्हणूनच सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी आपण त्याची शंका बाजूला ठेवून त्याची नोंद जशीच्या तशी वापरू शकतो.

शिक्षकाचे वाळे

निवाडा करणारा पुरावा वेगळ्या प्रकारचा हवा होता. एक विशिष्ट पक्षी, जो येथे होता तोच तेथे होता, हे दाखवणारा. ही युक्ती व्यवहारात आणणारा माणूस शाळाशिक्षक होता. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथील हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन याने आधी जस्ताची वाळी करून पाहिली, ती जड झाली. मग १८९९ साली त्याने ॲल्युमिनियमच्या हलक्या वाळ्यांवर क्रमांक व पत्ता कोरून ती दीडशेहून अधिक स्टार्लिंगच्या, म्हणजे मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या, पायात घातली व त्यांना सोडून दिले.

ब्रिटनमध्ये अशी योजना १९०९ साली हॅरी विदरबी याने सुरू केली. त्या योजनेत मे १९११ मध्ये स्टॅफर्डशायरमधील चीडल येथे जॉन मेसफील्ड यांनी आपल्या घराच्या देवडीत घरटे करणाऱ्या एका भिंगरीच्या पायात वाळे घातले. डिसेंबर १९१२ मध्ये तीच भिंगरी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, उट्रेख्ट गावाजवळच्या एका शेतघरात सापडली आणि वाळ्यावरच्या पत्त्यावर तेथून पत्र आले. अंतर नऊ हजार किलोमीटरांहून अधिक! स्थलांतराची कल्पना तोपर्यंत शास्त्रज्ञांनी स्वीकारलेली होती. परंतु एका घरच्या भिंगरीचा हिवाळ्यातला पत्ता प्रथमच हाती आला. व्हाइटच्या पुस्तकानंतर १२३ वर्षांनी. आपल्याकडे १९६० च्या दशकात डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायात अशी वाळी घातली.

हाऊस मार्टिनचे कोडे मात्र अजून पुरते सुटलेले नाही. वाळी घातलेल्या मार्टिन सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस फारच क्वचित सापडल्या आहेत. आफ्रिकेत त्या खूप उंचावर कीटक टिपत असाव्यात, असा अंदाज आहे. सेलबर्नच्या टेकडीवर जिला शोधले तिचे हिवाळी घर आजही नकाशावर नीट दाखवता येत नाही.

जुन्या वह्यांचा नवा उपयोग

व्हाइटचा एक पत्रमित्र होता नॉरफोक परगण्यातील रॉबर्ट मार्शम. त्याने १७३६ पासून वसंताच्या २७ खुणांच्या तारखा लिहिल्या. झाडांना पाने फुटणे, बेडकांचे ओरडणे, भिंगरी, कोकीळ यांचे आगमन अशा त्या खुणा. त्याच्या वंशजांनी ही नोंद १९५८ पर्यंत चालू ठेवली. १९९५ साली टिम स्पार्क्स आणि पीटर केअरी यांनी १७३६ ते १९४७ या काळातील या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तापमान आणि वसंताच्या खुणा यांचा संबंध दोन शतकांच्या आधाराने तपासता आला. मार्शमच्या मनात हवामानबदलाचा विचारही नव्हता. प्रश्न नंतर आला, उत्तराची सामग्री आधीच तयार होती.

ब्रिटनमध्ये भिंगऱ्या आता १९६० च्या दशकाच्या मानाने सुमारे पंधरवडाभर लवकर येतात. २०२१ साली तेथील धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत हाऊस मार्टिन आणि काळी पाकोळी यांची भर पडली. काय बदलले हे सांगायचे तर पूर्वी काय होते हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते.

आपल्या शाळेपुरते

भारतात २००७ साली बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून 'मायग्रंटवॉच' हा उपक्रम सुरू झाला. पहिल्या हंगामात नऊ जातींच्या हिवाळी पाहुण्यांच्या आगमनाच्या तारखा लोकांकडून मागवल्या गेल्या. अशी वही कोणतीही शाळा ठेवू शकते. आपल्याकडे सुरुवात पावसाळा सरताना करावी, कारण आपले पाहुणे तेव्हा येतात. धोबी, म्हणजे परीट पक्षी, आणि भिंगरी हे दोन पुरेत. जागा एकच ठरवावी, तळे किंवा शाळेचे मैदान. नोंदीत तारीख, वेळ, पाहणाऱ्याचे नाव आणि हवामान असावे.

दोन गोष्टींकडे मात्र काटेकोर लक्ष द्यावे. ज्या दिवशी पाहिले पण पक्षी दिसला नाही, तो दिवसही लिहावा. नाहीतर पक्षी लवकर आला की मुलेच यंदा लवकर पाहू लागली, हे पुढे कळणार नाही. पाहणारी मुले वाढली तरी पहिली तारीख अलीकडे सरकते, म्हणून किती जणांनी पाहिले तेही लिहावे. दुसरे असे, की 'काय दिसले' आणि 'काय वाटते' हे दोन रकाने वेगळे आखावेत. दुसऱ्या रकान्यात मुलांना हवे ते लिहू द्यावे, अगदी भिंगरी तळ्यात झोपते असे सुद्धा. पहिला रकाना कोरा ठेवू नये, आणि तेथे लिहिलेले दुसऱ्या रकान्यासाठी कधीही खोडू नये.